ऐकणारी बाई

जैनांच्या बस्तीतला, म्हणजे मंदिरातला, अभिषेक आटोपून बायका पायऱ्यांवर आपापल्या चपला शोधत होत्या, तेव्हा मगदूमांची सून पुढं आली आणि हातातला मोबाईल चंदनबालाच्या नाकासमोर धरून म्हणाली, "काकू, काय भारी बोललासा ओ! आमच्या ह्यांना मी तीनदा दाखवलं." चंदनबालानं चष्मा सारखा केला. पडद्यावर एक म्हातारी होती. अंबाडा सुटलेला, गाऊनवर पंचा टाकलेला, एक पाय सोफ्यावर घेतलेला. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं बोट नाचवत ती बोलत होती. "तोंड होतं का तुमचं, का मोरी!" म्हातारी म्हणाली. मागं ढोलकी वाजायला लागली. म्हातारी तेच पुन्हा म्हणाली, आणि तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचं डोकं ढोलकीच्या ठेक्यावर मागं-पुढं व्हायला लागलं, जसं कुणी दोरी बांधून ओढतंय. वर रंगीत अक्षरं होती : आजी विरुद्ध आजोबा. ही म्हातारी आपण आहोत हे कळायला चंदनबालाला जरा वेळ लागला, कारण माणूस स्वतःला वरून कधी बघत नाही. भांग एवढा रुंद झालाय हेही तिला आत्ताच कळलं. "नऊ हजार लोकांनी बघितलंय काकू," मगदूमांची सून म्हणाली, "माझ्या माहेरी इचलकरंजीला पण आलंय." भोवती चार बायका जमल्या, हसल्या. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं, आणि तेच चंदनबालाला सगळ्यांत किळसवाणं वाटलं. वाईट असतं तर त्यांना निदान आपण काय बघतोय ते कळलं असतं.

ती चालत घरी निघाली. सांगलीच्या गणपती पेठेत दुकानं उघडत होती, आणि उघडणारा प्रत्येक जण एका हातानं शटर वर ढकलत दुसऱ्या हातातल्या मोबाईलकडं बघत होता. या लोकांबद्दल चंदनबालाचं मत पूर्वीपासूनच वाईट होतं. बँकेतल्या रांगेत उभं राहून मोठ्यानं बहिणीच्या घटस्फोटाची हकिकत सांगणारे. कुठंही 'मान्य आहे' म्हणून अंगठा दाबणारे आणि मग आपल्या मनातलं जाहिरातींना कसं कळतं म्हणून नवल करणारे. मनगटावरच्या घड्याळाला विचारून आपण दमलो की नाही ते ठरवणारे. तिच्या मुलाचं नाव अतिशय. तो पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये होता, त्यामुळं या सगळ्यावर त्याची ठाम मतं होती. कुठला फोन घ्यावा, कुठला घेणारा मूर्ख, यावर तो जेवताना तासभर बोलू शकायचा, आणि त्या तासाभरात आपण काय जेवलो हे त्याला सांगता येत नसे. नात ब्राह्मी सोळा वर्षांची. सुट्टीत यायची तेव्हा दिवसभर एक खेळ खेळत बसायची. त्यात एक गाव होतं, आणि त्यातल्या घरांना छपरं नव्हती. आतली माणसं उठायची, भांडायची, आंघोळीला जायची, आणि ब्राह्मी वरून बघत बसायची. "ह्यात जिंकायचं काय असतं गं?" चंदनबालानं एकदा विचारलं होतं. "जिंकायचं नसतं आजी. नुसतं बघायचं असतं."

घरात शिरल्यावर ती पहिल्यांदा कॅमेऱ्याकडं बघत उभी राहिली. टीव्हीच्या वरच्या फळीवर, बुंदीच्या लाडवाएवढा, पांढरा. दोन वर्षांपूर्वी जिन्यात तिचा पाय घसरला होता, तेव्हा अतिशयनं तो आणून बसवला. "तुझ्या सोबतीला आहे असं समज." पहिला महिनाभर ती त्याच्यासमोर साडी नेसून, पदर घेऊन बसली. मग विसरली, घरातली पाल विसरतो तशी. कधी तो घर्रर्र करून मान वळवायचा आणि आतून अतिशयचा आवाज यायचा, "आई, बीपीची गोळी राहिली." पण कधी कधी तो नुसतीच मान वळवायचा आणि आवाज यायचा नाही. ते तिनं ऐकलं होतं, अनेकदा ऐकलं होतं. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं, पण तिला कळायला हवं होतं. दोघांच्या बोलण्यामधे येऊन गप्प उभं राहण्यात तिनं आयुष्याची ऐन वर्षं घालवली होती; फक्त तेव्हा उभी राहणारी ती होती.

तिनं अतिशयला फोन लावला.

"ते काय टाकलंयस रे?"

"बघितलंस? अगं, ब्राह्मीनं केलंय ते. मी तिला क्लिप दिली फक्त. ऑफिसात सगळे म्हणतायत, तुझी आई म्हणजे एकदम..."

"मी माझ्या घरात बोलत होते."

"हो, मग?"

"मग काय? माझ्या घरात, माझ्या नवऱ्याशी."

"आई, तू काय चोरून बोलत होतीस का?" अतिशयनं समजुतीच्या स्वरात विचारलं. हा स्वर तो गिऱ्हाइकांसाठी वापरत असावा. "लपवण्यासारखं काही नसलं की माणसाला कसली भीती?"

ज्याचा फोन चेहरा बघितल्याशिवाय उघडत नाही, कॉम्प्युटर बोट लावल्याशिवाय, आणि सोसायटीचं फाटक आकडे दाबल्याशिवाय, तो माणूस हे म्हणत होता. तिला वाटलं, एवढी शाळा, एवढं कॉलेज, आणि शेवटी हे एक वाक्य, तेही दुसऱ्याचं. "मी काय बोलत होते, ते कळलं का तुला?" तिनं विचारलं.

"काय म्हणजे? बाबांशी भांडत होतीस."

"कशावरून?"

तो हसला. "आता ते मला काय माहीत? बरं, तुला आवडलं नसेल तर ब्राह्मीला सांगतो, डिलीट करेल."

"कुठनं?" चंदनबाला म्हणाली. "नऊ हजार डोक्यांतनं?" आणि फोन ठेवला.

ती सोफ्यावर बसली. नऊ हजार लोक, आणि म्हातारी कशावरून चिडलीय असं एकानंही विचारलं नव्हतं. मगदूमांच्या सुनेनं नाही, पोटच्या मुलानं नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याची शिसारी आली. समोर फोटोत तात्यासाहेब होते, हळदीचे अडत व्यापारी, गोरेपान, गालावर हसू. ते जिवंत असताना तिनं त्यांना कधी नावानं हाक मारली नव्हती. ते जाऊन तीन वर्षं झाली. फोटो भिंतीवर लागला आणि महिन्याभरातच ती त्यांच्याशी भांडायला लागली, एकाच गोष्टीवरून, ज्या गोष्टीबद्दल तिनं चाळीस वर्षं त्यांच्यापुढं अवाक्षर काढलं नव्हतं.

तेव्हा ती टेलिफोन ऑफिसात ट्रंक ऑपरेटर होती, परगावचे कॉल हातानं जोडणारी. उंच स्टूल, समोर भोकांचा बोर्ड, दोऱ्या, कानाला हेडफोन. एक प्लग इकडं, एक तिकडं, आणि कळ दाबली की दोन्हीकडची माणसं कानात. जोडून झालं की कळ वर करायची, ऐकायचं नाही, असा नियम होता. तो सगळ्या पोरींना पाठ होता आणि पाळत कुणीच नव्हतं. पण बाकीच्या ऐकायच्या त्या खिदळायला. चंदनबाला ऐकायची ती वेगळी, असं तिचं स्वतःबद्दलचं मत होतं. महिन्यातनं एकदा, आटपाडीच्या बाजारच्या दिवशी दुपारी, जबलपूरहून कॉल यायचा. लालासाहेब सूर्यवंशी, पलटणीतला नाईक, त्याच्या बायकोसाठी. विजयमाला तिचं नाव. बाजाराचं निमित्त काढून ती पोस्टात येऊन थांबलेली असायची. पहिलं मिनिट दोघं नुसते 'हॅलो, हॅलो' करायचे. मग ती सांगायची, शेरडाला दोन पिल्लं झाली, थोरल्या जाऊबाईंनी मला चोळी शिवली, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला कळलं न्हाई. तो म्हणायचा, कुठलं? ती म्हणायची, आता न्हाई सांगत. प्रत्येक वाक्याआधी तिचा आवाज किंचित अडायचा, उंबऱ्याशी पाय अडखळावा तसा. तीन मिनिटं संपली की कॉल तोडायचा असायचा. चंदनबाला तोडत नसे. चार होऊ द्यायची, पाच होऊ द्यायची. तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि तिच्याशी असं कुणी बोलत नव्हतं. महिनाभर ती त्या पाच मिनिटांवर काढायची.

मग आषाढात लालासाहेब म्हणाला, क्वार्टर मिळाली. एक खोली, एक पडवी. विजयमालाच्या सासऱ्याचा पाठवायला नकार होता; शेतातली दोन हातांची बाई तो कशाला पाठवतोय? म्हणून दोघांनी ठरवलं. नागपंचमीला माहेरी जाते म्हणून तिनं घर सोडायचं, माहेराला न जाता मिरज गाठायची, तिथं स्टेशनवर त्याच्या पलटणीतला सुट्टीवरून परतणारा एक जण सपत्नीक भेटेल, त्यांच्यासोबत गाडीत बसायचं. "मी पळून जाते म्हणा की तुमच्यासंगं," विजयमाला म्हणाली आणि हसली. बायको नवऱ्याबरोबर पळून जाणार होती. चंदनबालाला ते इतकं गोड वाटलं, इतकं, की त्या संध्याकाळी पाट मांडताना तिला राहवलं नाही. तात्यासाहेबांना तिनं सगळं सांगितलं, नावानिशी, तिच्या आवाजाची नक्कल करून. तात्यासाहेब पोट धरून हसले. लग्नानंतर पहिल्यांदा आपल्या बोलण्यावर ते हसले, म्हणून तिनं अडखळणारा आवाज पुन्हा एकदा काढून दाखवला. तात्यासाहेबांनी ते दुसऱ्या दिवशी अडतीवर सांगितलं. अडतीवर आटपाडीकडचा एक व्यापारी बसलेला होता.

पुढच्या महिन्यातल्या बाजारी जबलपूरचा कॉल आला, आणि आटपाडीच्या पोस्टातनं उत्तर आलं, बाई आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. तिसऱ्यांदा लालासाहेबानं थेट ऑपरेटरलाच विचारलं, "ताई, ती का येत नसंल ओ?" चंदनबालाला कारण कळलं होतं, तात्यासाहेबांनीच हसत हसत सांगितलं होतं, की त्या बाईला सासऱ्यानं वेशीबाहेर पाऊल टाकायची बंदी केली, गावभर बोभाटा झाला. "पार्टी नॉट अव्हेलेबल," ती लालासाहेबाला इंग्रजीत म्हणाली, आणि पहिल्यांदाच नियमाप्रमाणे कळ वर केली.

क्लिप बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आंघोळ केली, पांढऱ्या काठाची साडी नेसली आणि मोबाईल उचलून कॅमेऱ्यासमोर उभा करून ठेवला. बसा एकमेकांकडं बघत, ती मनात म्हणाली. कुणाला न सांगता घराबाहेर पडायची गेल्या दोन वर्षांतली ही पहिलीच वेळ होती. विट्याला एसटी बदलताना तिला दोनदा वाटलं की पर्समध्ये काहीतरी थरथरतंय. पर्समध्ये किल्ली, रुमाल आणि राजगिऱ्याचे लाडू होते. शेजारच्या सीटवरचा तरुण पडद्यावर माणसं गोळ्या घालून मारत होता आणि मधूनच आईला फोनवर सांगत होता की व्हय, जेवलो. खिडकीबाहेर ऊस संपला, माळ सुरू झाला, डाळिंबाच्या बागा आल्या. आटपाडीचं नाव तिनं हजारो वेळा उच्चारलं होतं. बघत मात्र पहिल्यांदा होती.

पोस्टाजवळच्या चहावाल्यानं लगेच सांगितलं, "सुभेदार लालासाहेब व्हय? ते गेलं की, चार वर्सं झाली. म्हातारी हाय. तळ्याच्या वाटंला, पत्र्याचं शेड दिसंल बघा." रिक्षानं तिला तिथं सोडलं. शेडखाली एक उंच, सुकलेली बाई दगडानं चिंच फोडत बसली होती. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला.

"कोण पायजे?"

"विजयमाला सूर्यवंशी?"

"मीच की," ती म्हणाली, आणि म्हणायच्या आधी किंचित अडली.

चेहरा चंदनबालाला कधीच माहीत नव्हता, पण ते अडणं तिनं ओळखलं. ती पोत्यावर बसली. "मी सांगलीची. टेलिफोन ऑफिसात होते. ट्रंकला."

विजयमालाचा दगड वरच्या वर थांबला. "तुमी व्हय ती?"

"कोण?"

"ऐकणारी." ती चंदनबालाला खालपासून वरपर्यंत न्याहाळत राहिली. "तुमचा श्वास यायचा. मी ह्यास्नी म्हणायची, मधी कोन तरी हाय. तर हे म्हणायचं, असू दे की, तीन मिनटाची पाच करती, देवमाणूस हाय." ती हसली. तिचे पुढचे दोन दात पडले होते. "चा टाकू?"

नको म्हणायच्या ऐवजी चंदनबालानं सगळं सांगून टाकलं. पाट, नक्कल, हसू, अडत, व्यापारी. चाळीस वर्षं मनात हजारदा सांगितलेली गोष्ट, त्यामुळं कुठं अडखळली नाही. विजयमाला ऐकताना चिंचोके वेचत होती, एक एक, घाई नसल्यासारखी. गोष्ट संपल्यावरही ती वेचत राहिली.

"म्हंजी मामंजींस्नी हळदीच्या अडतीवनं कळलं."

"हो."

"आमच्या थोरल्या जाऊबाईंनी न्हाई सांगितलं."

चोळी शिवणाऱ्या जाऊबाई, चंदनबालाला आठवलं.

"तिला एकटीलाच ठावं हुतं," विजयमाला म्हणाली. "माझं गठुडं तिनंच बांधलं हुतं. मग दुसरं कोन सांगणार? मी धरूनच चालले. लय शपथा घेतल्या तिनं. लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. मी बोलले न्हाई. एका घरात, एका चुलीवर, एकोणीस वर्सं बोलले न्हाई. मराया टेकली तवा मला बलीवलं. मी गेले न्हाई. मातीला बी गेले न्हाई." तिनं हातातला चिंचोका बाजूच्या ढिगात टाकला. "ह्येंची क्वार्टर दुसऱ्याला गेली. हे पेन्शन घिऊन आलं तवा माझं निम्मं क्यास पांढरं झालतं. त्येचं काय न्हाई. तसं लय जणींचं झालं."

वाऱ्यानं पत्रा वाजला. विजयमालानं पुढची चिंच दगडाखाली घेतली.

"जबलपूर कसं हाय ओ?" विजयमालानं एकदम विचारलं. "तुमी तर तिकडं सारखं बोलायचासा."

"मी कधी पाहिलं नाही."

"मी बी न्हाई."

चंदनबालानं हात जोडले. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तोच विजयमाला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. चाळीस वर्सं गप बसलासा, तशाच बसला असता तर काय बिघडलं असतं? तुमी सांगून मोकळ्या झालासा. आता मी तिला कुठं गाठू, सांगा की?" आवाज चढला नव्हता. त्यात राग असता तर चंदनबालाला धरायला काहीतरी मिळालं असतं. विजयमाला तिच्याकडं नुसती बघत होती, चिंचेत निघालेल्या किडीकडं बघावं तसं. मग तिनं उठून तांब्याभर पाणी आणून दिलं, कारण दारात आलेल्याला पाणी द्यायचं असतं. "साडेतीनला एष्टी हाय," ती म्हणाली, "निघा."

विट्यापर्यंत चंदनबाला बाहेर बघत बसली. तात्यासाहेबांना तिनं तीन वर्षं मोरी म्हटलं होतं, आणि मोरीत पाणी ओतायला कोण वाकलं होतं, हे एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. पण खरी लाज तिला वाटली ती विट्याच्या पुढं. तासगाव जवळ आलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपले ओठ हलतायत. ती मनातल्या मनात गोष्ट जुळवत होती. आधी दगड वर थांबला ते सांगायचं, मग 'ऐकणारी', मग जाऊबाई, आणि 'मी बी न्हाई' अगदी हळू म्हणायचं, तसंच अडखळून. आवाज तिला जमत होता, चाळीस वर्षांपूर्वी जमला होता त्याहून चांगला. कुणाला सांगणार होती हे ठरलं नव्हतं. बस्तीतल्या बायकांना, अतिशयला, कुणालाही. गोष्ट तयार होती, आणि ती फार चांगली झाली होती. चंदनबालानं पदराचा बोळा करून तोंडावर दाबून धरला. समोरच्या बाईनं विचारलं, "मळमळतंय का? लिंबू देऊ?" तिनं मान हलवली.

सांगलीला पोचेपर्यंत दिवस मावळला. दारात गर्दी होती. पुण्याहून गाडी हाणत अतिशय आला होता, ब्राह्मीला घेऊन. शेजारचे दिग्विजय पाटील पोलिसांना फोन लावायच्या बेतात होते. मोबाईल घरात, माणूस गायब, कॅमेऱ्यात शेवटचं दिसलं ते सकाळी सव्वासहाला.

"कुठं होतीस?" अतिशयचा चेहरा पांढरा पडला होता. "दवाखाने पालथे घातले आम्ही!"

"बाहेर गेले होते."

"बाहेर म्हणजे कुठं?"

"बाहेर."

"आई, हे काय चाललंय? रीलचा राग आहे का? काढली ती. कुठं गेली होतीस एवढं सांग फक्त. मी मुलगा आहे तुझा." तो खरंच घाबरला होता, आणि तिला त्याची माया आली, पण त्याच्या प्रश्नात भीतीच्या खाली दुसरीही एक भूक होती. ती भूक तिच्या ओळखीची होती. शेजारच्या चार जणांच्या डोळ्यांतही तीच होती. गोष्ट तिच्या जिभेवर आली, दगड वर थांबला, आवाज अडला. तिनं ती गिळली. घशातनं काहीतरी मोठं, न चावलेलं खाली गेल्यासारखं तिला वाटलं.

"तुम्ही दोघं जेवला नसाल," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. दिवस मावळल्यानंतर ती स्वतः खात नसे. त्या दोघांसाठी तिनं पिठलं लावलं, भाकरी थापल्या. अतिशय जेवताना पाच वेळा विचारून थकला आणि बाहेर जाऊन बायकोला फोनवर काहीतरी हळू आवाजात सांगू लागला. ब्राह्मी ओट्यापाशी रेंगाळली. मोबाईल तिनं मागच्या खिशात घातला होता.

"सॉरी आजी," ती म्हणाली. मग जवळ आली. तिचे डोळे चमकत होते. "पण खरं सांग ना, कुठं गेली होतीस? देवाशप्पथ, मी कुणाला नाही सांगणार."

चंदनबालानं तवा उतरवला. पोरीचा चेहरा तिनं नीट बघितला. त्यात खोटं काही नव्हतं, त्या क्षणी तरी.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तू नाही सांगणार." आणि गोष्ट तशीच पोटात ठेवून ओला फडका तिच्या हातात देऊन तिला ओटा पुसायला लावला.